पाऊस लागायच्या आत गालिचा गुंडाळून ठेवताना

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतं. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरातले गालिचे, जमखाने, घोंगड्या उचलून ठेवायचं काम त्याआधी आटोपायला हवं. वळीव धरला तर मे महिन्यातले शेवटचे पंधरा दिवसही पूर्ण हाताशी नसतात. सकाळी कडक ऊन, दुपारी तीनच्या पुढे ढग, संध्याकाळी गडगडाट असा क्रम असतो. म्हणून काम सकाळी आठला सुरू करून दुपारी दोनच्या आत गालिचा छपराखाली आणावा.

ठेवलेले गालिचे खराब होतात ते बहुतेक वेळा गुंडाळायच्या पद्धतीमुळे नाही, आत कोंडलेल्या ओलीमुळे. नीट गुंडाळलेला पण दमट गालिचा दसऱ्याला उघडावा तर आत बुरशीचे काळपट ठिपके आणि तो ओळखीचा कुबट वास. वेडावाकडा गुंडाळलेला पण खणखणीत कोरडा गालिचा असेल, तर फार तर चार सुरकुत्या पडतात आणि त्या जातात. त्यामुळे खाली गुंडाळण्याइतकीच जागा कोरडेपणाला दिली आहे.

आधी कशाशी गाठ आहे ते बघा

गालिचा उलटा करा. पाठीवर पुढच्या नक्षीच्याच बारीक गाठी दिसल्या आणि दशा उभ्या धाग्यांतूनच निघालेल्या असल्या, तर तो हातगाठीचा. पाठीला जाड कापड चिकटवलेलं असलं आणि दाबल्यावर आत रबरासारखा थर लागला, तर तो टफ्टेड. त्यात लव, म्हणजे वरचे उभे तंतू, कापडात टोचून मागून लेटेक्सनं चिकटवलेली असते. पाठ खरखरीत, एकसारखी, प्लास्टिकच्या गोणीसारखी असेल तर मशिनवरचा पॉलिप्रॉपिलीन. याला कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागत नाही, बुरशी मात्र त्यातल्या धुळीवर धरते.

आपल्याकडे घरोघरी असतो तो जमखाना. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातलं नवलगुंद त्यासाठी प्रसिद्ध आहे. जमखाना सुती, बिनलवेचा, दोन्ही बाजूंनी वापरता येणारा. लोकर नसल्यामुळे कसरीची भीती नाही, पण सूत पाणी पटकन ओढतं आणि वाळवीला आवडतं. पाचवा प्रकार घोंगडी, म्हणजे कांबळं. तिचं प्रकरण वेगळं आहे, ते शेवटी.

हा भेद कशाला? हातगाठीचा गालिचा बऱ्यापैकी घट्ट गुंडाळलेला सोसतो. टफ्टेडच्या पाठीचं लेटेक्स वर्षांनुवर्षं सुकत, कडक होत जातं. दहा वर्षांचा टफ्टेड गालिचा घट्ट गुंडाळला तर पाठीला तडे जातात आणि उघडताना पिठासारखी पांढरी-पिवळी भुकटी खाली पडते. ती भुकटी दिसली की तो गालिचा पुन्हा गुंडाळू नका. पलंगाखाली सपाट पसरून ठेवता आला तर तसाच ठेवा.

धूळ काढणं

खानापूरकडची तांबडी माती आणि रायबाग-अथणीकडची काळी माती, दोन्ही गालिच्यात बसतात, पण त्रास वेगळा देतात. तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते आणि पाणी लागलं की डाग धरते. म्हणून ओल्या फडक्यानं पुसायची घाई नको. सगळी कोरडी धूळ निघाल्याशिवाय गालिच्याला पाण्याचा थेंबही लावू नये. काळ्या मातीचे कण वाळले की टणक होतात आणि लवेच्या मुळाशी कानसीसारखे घासत राहतात.

पडवीत किंवा गच्चीवर स्वच्छ चादर अंथरा. गालिचा तिच्यावर पालथा, म्हणजे लव खाली, पाठ वर. आता पाठीवरून वेताच्या छडीनं किंवा झाडूच्या दांड्यानं हलके, एकसारखे ठोके द्या, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे. जोर लागत नाही, ठोके पुष्कळ लागतात. गालिचा उचलून बाजूला करा. चादरीवर मातीचा थर दिसेल. झटका आणि पुन्हा तेच. साधारण ६ बाय ९ फुटी रोजच्या वापरातल्या गालिच्याला असे तीन-चार फेरे लागतात. चादरीवर नुसते लोकरीचे तंतू दिसायला लागले आणि माती दिसेनाशी झाली की थांबा. रेशमी गालिचा किंवा पाठीचे धागे विरलेला जुना गालिचा मात्र झोडपायचा नाही. त्याला व्हॅक्यूमचं तोंड मलमलीच्या फडक्यात गुंडाळून हलक्या हातानं फिरवावं.

कंपाउंडच्या भिंतीवर किंवा कपड्याच्या तारेवर टाकून झोडपायची पद्धत सर्रास आहे. पाच मिनिटांपुरती ठीक. पण १५-२० किलोचा गालिचा तासभर तारेवर लोंबला तर सगळं वजन त्या एका रेषेवर येतं, मधले धागे ताणले जातात आणि पुन्हा अंथरल्यावर मध्ये एक लाट राहते. ती जात नाही.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर दोन्ही बाजूंनी फिरवा, पण गोल फिरणारा ब्रश काढून. दशांवर तर तो नेऊच नका. एक धागा ब्रशात अडकला की अख्खा झुपका घेऊन जातो.

मग डाग बघा. सांडलेला चहा, मांजराची लघवी, जेवणाचं तेल. यात आळस केला तर पुढे महाग पडतं. कसरीची अळी स्वच्छ लोकरीपेक्षा घाम, अन्न किंवा लघवी लागलेल्या लोकरीवर जास्त पोसते. डाग पुसण्याआधी रंगाची परीक्षा घ्या. पांढरं सुती फडकं ओलं करून पिळा आणि गालिच्याच्या कोपऱ्यातल्या गडद रंगावर, विशेषतः लाल आणि निळ्यावर, मिनिटभर दाबून धरा. फडक्याला रंग आला तर घरी पाणी लावू नका. आला नाही तर १ लिटर साध्या पाण्यात लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण १ छोटा चमचा, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळून डाग टिपा. घासायचं नाही, टिपायचं. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्यानं साबण काढून घ्या. धुण्याचा सोडा किंवा ब्लीच लोकरीला लावू नका, क्षारानं लोकर ठिसूळ होते.

कोरडा म्हणजे किती कोरडा

लोकर वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी ओढूनही हाताला ओली लागत नाही. हाताला कोरडा लागला म्हणून जूनमध्ये गुंडाळलेला गालिचा खरं तर लिटर-दीड लिटर पाणी पोटात घेऊन बसलेला असू शकतो. शिवाय लव वरून वाळते आणि तिच्या मुळाशी असलेले सुती ताणे, म्हणजे विणीतले उभे धागे, मागाहून. वरून कुरकुरीत, आत थंड.

सकाळच्या उन्हात पालथा घाला, दोन-तीन तास, म्हणजे पाठीला ऊन आणि रंगाला सावली. लव वर करून उन्हात ठेवलात तर रंग उडतो. गुलाबी, जांभळा सगळ्यांत आधी. मग तोच गालिचा पडवीत किंवा सोप्यात, जिथं वारा खेळतो तिथं, लव वर करून दिवसभर. खाली दोन बाजल्या किंवा चार खुर्च्या ठेवून त्यावर पसरला तर खालूनही हवा लागते. धुतलेला गालिचा असेल तर हे तीन ते पाच दिवस करा. त्यात एखाद्या दिवशी वळीव आला तर तो दिवस मोजू नका.

खात्री करायची सोपी युक्ती: गालिचा पालथा उन्हात असताना मधोमध एक फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक ठेवा, चारी कडांवर विटेचे तुकडे किंवा फळी ठेवून दाबा. अर्ध्या तासानं बघा. प्लास्टिकच्या आतून थेंब लटकलेले असतील तर गालिचा अजून ओला आहे. नुसता हलका धूसरपणा येऊन गेला तर चालतं. ही परीक्षा कडेला घेऊ नका, मध्येच घ्या, कारण कडा सगळ्यांत आधी वाळतात.

उन्हातून काढल्या काढल्या गुंडाळायचं नाही. घरात तास-दोन तास पसरून गार होऊ द्या. गरम गालिचा कापडात बंद केला की गार होताना त्यातली वाफ आतल्या आतच बसते.

सामान

६ बाय ९ फुटी एका गालिच्याचा हिशेब असा.

गाभ्यासाठी ४ इंची पीव्हीसी पाइप, ७ फूट लांब. गालिच्याची रुंदी ६ फूट, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर आले पाहिजेत. टफ्टेड असेल तर ६ इंची पाइप घ्या, वळण जितकं मोठं तितका पाठीवर ताण कमी. कापडाच्या किंवा फ्लेक्सच्या दुकानात मिळणारी पुठ्ठ्याची नळी फुकटात मिळते आणि चालते, दोन अटींवर: नळी किमान ३ इंच व्यासाची असावी आणि तिच्यावर आधी पातळ प्लास्टिक, मग धुतलेलं सुती कापड गुंडाळावं. पुठ्ठ्यातलं आम्ल वर्षा-दोन वर्षांत सुताला पिवळेपणा देतं आणि नळी चिकटवायच्या खळीवर झुरळं आणि चंदेरी किडे येतात. पीव्हीसी पाइपवरही कापडाचा एक वेढा हवाच.

वरच्या आवरणाला जुनी सुती डबल चादर, ९० बाय १०८ इंची. गुंडाळी नऊ-दहा इंच जाडीची होते, तिला दोन वेढे पुरतात आणि दोन्ही टोकांना फूट-दीड फूट कापड उरतं. नवं मांजरपाट आणणार असाल तर आधी गरम पाण्यात दोनदा धुऊन खळ काढा. खळ म्हणजे स्टार्च आणि चंदेरी किड्याला तेच हवं असतं. पॉलिस्टरची चादर नको, तिच्यातून हवा नीट जात नाही.

बांधायला १ इंच रुंद सुती पट्ट्या, प्रत्येकी ५ फूट, चार. परकराची नाडी चालते, पण ती अरुंद म्हणून सहा घ्या. सुतळी, नायलॉनची दोरी, रबर, सेलोटेप यांतलं काहीही नको. सुतळी लवेत रुतते आणि चार महिन्यांत कायमचा खोल वळ पाडते. सेलोटेपचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो. सेफ्टी पिना तर अजिबात नको. आपल्याकडच्या श्रावणात पिनेला गंज चढायला पंधरा दिवस पुरतात आणि लोकरीवरचा गंजाचा डाग निघत नाही.

गुंडाळणं

गालिच्याच्या लवेला कल असतो. मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा तळहात फिरवून बघा, लांबीच्या दिशेनं, आधी इकडून मग तिकडून. एका दिशेनं हात मऊ सरकतो आणि गालिचा फिका, चकचकीत दिसतो. उलट्या दिशेनं हाताला अडतं आणि रंग गडद दिसतो. मऊ सरकतो ती लवेची दिशा. गुंडाळीही त्याच दिशेनं पुढे जायला हवी. म्हणजे हात जिथून निघाला त्या टोकापासून सुरुवात. उलट्या टोकापासून गुंडाळलं तर प्रत्येक वेढ्यात लव कलाच्या विरुद्ध मुरडते, आणि दसऱ्याला उघडल्यावर आडवे पट्टे दिसतात.

लव आत की बाहेर, यावर घरोघरी वाद आहेत. साधा नियम असा: चांगल्या स्थितीतला हातगाठीचा गालिचा चार-सहा महिन्यांसाठी लव आत ठेवून गुंडाळा, धूळ आणि घासणं यांपासून लव वाचते. रेशमी, फार जुना किंवा वर्षभराहून जास्त काळ ठेवायचा असेल तर लव बाहेर, कारण आतल्या बाजूला लव दाबली जाते. अशा वेळी गालिच्यावर आधी धुतलेल्या मलमलीचा एक थर पसरा आणि त्याच्यासकट गुंडाळा.

दशा आधी हातानं सरळ करा आणि दुमडून आत घालू नका. दुमडलेल्या दशेवर वेढ्यांचं वजन आलं की धागा तिथंच तुटतो. पाइपच्या पुढे त्या सपाट निजवा आणि वर जुन्या मलमलीची चार इंच रुंदीची पट्टी ठेवा.

आता दोन माणसं, दोन टोकांना. पाइप गालिच्याच्या कडेला अगदी समांतर हवा. पहिला वेढा सरळ झाला की पुढचे सरळ होतात. पहिला तिरका झाला तर शेवटी गुंडाळीचं एक टोक भोंग्यासारखं बाहेर येतं, आणि मग लोक ते टोक आपटून आत ढकलतात. आपटू नका. कड दुमडते आणि शिलाई सुटते. उलगडा आणि पुन्हा सुरुवात करा. दर दोन वेढ्यांनी थांबा, दोघांनी आपापल्या बाजूची कड डोळ्यांनी तपासा.

घट्टपणा किती? गुंडाळीच्या टोकाकडून बघितलं तर वेढ्यांमध्ये फट दिसता कामा नये, पण वरून बोटानं दाबल्यावर लव थोडी दबली पाहिजे. गुडघा टेकवून आवळायचं नाही. सैल गुंडाळी उभी-आडवी करताना आतले वेढे घसरतात आणि सुरकुत्या पडतात. अति घट्ट केली तर लव मरते.

घडी घालायची नाही, हे सांगायला हवं, कारण दिवाणाच्या पोटात बसवायला सर्रास घडी घातली जाते. घडीच्या ठिकाणी ताण्याचा धागा मोडतो. पहिल्या वर्षी नुसती रेघ दिसते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याच रेघेवर गालिचा चिरतो. दिवाणाची आतली लांबी साधारण सव्वासहा फूट असते. ५ बाय ८ चा गालिचा गुंडाळून पाच फुटांची गुंडाळी होते, ती साडेपाच फुटी पाइपवर बिनघडी बसते. ६ बाय ९ चा ७ फुटी पाइपसकट बसत नाही. त्याला दुसरी जागा शोधा, गालिचा मोडू नका.

गुंडाळीवर चादरीचे दोन वेढे द्या. टोकांचं उरलेलं कापड पाइपभोवती हलकं जमवून नाडीनं बांधा, गाठोड्याला बांधतो तसं. पाइपचं तोंड मात्र उघडं राहू द्या, आतून हवा खेळते. पट्ट्या दर दीड-दोन फुटांवर, एक बोट आत जाईल इतक्या सैल. एका कापडी चिठ्ठीवर माप, कुठला गालिचा आणि गुंडाळल्याची तारीख लिहून पट्टीलाच बांधा. फोटो काढून ठेवला तर उघडताना कुठला डाग आधीचा आणि कुठला नवा हे कळतं.

प्लास्टिक का नको

घरात पाणी टपकतं म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गालिचा घालून तोंड चिकटपट्टीनं बंद करणं, हे या भागातलं गालिच्याच्या नासाडीचं पहिलं कारण आहे. दिवसा उबेनं गालिच्यातली ओल वाफ होऊन बाहेर येते, रात्री गार पडलेल्या प्लास्टिकला ती थेंब होऊन लागते आणि परत गालिच्यात मुरते. चार महिने हाच खेळ. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही, तिथं तर पंधरा दिवसांत बुरशी धरते. गुंडाळीत टाकलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांचाही इथं उपयोग नाही. कापडातून हवा येत-जात असते, पुडी दिवसभरात भरते आणि मग नुसती बसून राहते.

कौलं गळतात म्हणून वरून काही घालायचंच असेल तर कापडी आवरणावर प्लास्टिक छत्रीसारखं टाका, म्हणजे वरून झाकलेलं, खालून आणि दोन्ही टोकांना उघडं. टेम्पोतून निपाणीहून कोल्हापूरला न्यायचा असेल तर पूर्ण प्लास्टिक चालेल, पोचल्याबरोबर काढा.

कुठं ठेवायचं

पूर्वी माळा ही उत्तम जागा होती. खाली चूल पेटायची, तिची ऊब आणि धूर वर जायचा, माळ्यावरचं सगळं कोरडं राहायचं आणि किड्यांनाही तो धूर नको असायचा. गॅस आला आणि तोच माळा पावसाळ्यात सगळ्यांत दमट जागा झाला. आजी माळ्यावर ठेवायची म्हणून आपणही ठेवावं, असं आता राहिलेलं नाही. फ्लॅटमध्ये बाथरूमच्या वरचा लॉफ्ट असाच फसवा आहे.

बरी जागा म्हणजे रोज वावर असलेली खोली, आतली भिंत, म्हणजे जिच्या पलीकडे दुसरी खोली आहे ती. पश्चिमेची बाहेरची भिंत पावसाचा मार खाते. जांभ्या चिऱ्याची असेल तर ओल आतपर्यंत येते. गुंडाळी आडवीच ठेवा. कोपऱ्यात उभी केली तर सगळं वजन खालच्या कडेवर येतं, दशा चेंगरतात आणि दोन महिन्यांत गुंडाळी कमरेत वाकते. सगळ्यांत चांगलं म्हणजे पाइपच्या बाहेर आलेल्या दोन टोकांना भिंतीतल्या कंसांचा किंवा दोन लाकडी घोड्यांचा आधार द्या. मग वजन पाइपवर येतं, गालिचा अधांतरी राहतो आणि कुठंच दबत नाही. ते जमत नसेल तर जमिनीपासून ४ ते ६ इंच उंच फळी, खाली विटा, भिंतीपासून अर्धा फूट लांब. भिंत आणि गुंडाळी यांच्यामध्ये हात गेला पाहिजे. वाळवीची मातीची रेघ भिंतीवरूनच येते आणि फट असली तरच ती वेळेत दिसते. गुंडाळीवर गाद्या, ट्रंका, भांड्यांची पोती रचू नका.

अथणी-रायबागकडे किंवा बिदर-भालकीकडे हवा कोरडी, तिथं ओलीची चिंता कमी आणि उंदरांची जास्त. कारवारकडे उलट: खारी दमट हवा बारमाही, तिथं लांब मुदतीला गुंडाळून ठेवण्यापेक्षा गालिचा अंथरून वापरात ठेवलेला बरा.

कसर

कसर म्हणजे ते फिक्या सोनेरी रंगाचं छोटं पाखरू. ते खात नाही, त्याची अळी खाते. अंधार, शांतता आणि लोकर एवढंच तिला लागतं. अंडी उबेत आठवडाभरात फुटतात आणि अळी महिनाभरापासून दोन वर्षांपर्यंत खात राहू शकते. म्हणून एकदा औषध ठेवून विसरलं, असं चालत नाही.

कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला, चुरचुरणारा, आणि कापडी पुरचुंडीत. हिरवा पाला स्वतःच ओल घेऊन जातो आणि हिरवट-तपकिरी डाग सोडतो. वेखंडाचे तुकडे, कापूर हेही पुरचुंडीतच. यांनी पाखरू लांब राहायला मदत होते, आत असलेली अंडी मात्र मरत नाहीत. अंडी काढायला झटकणं आणि ऊन याला पर्याय नाही. निपाणी भागात तंबाखू हाताशी असते म्हणून तिच्या काड्या किंवा पानं ठेवायची कल्पना सुचते. ठेवू नका. पानाचा तपकिरी डाग लोकरीवर बसतो, निकोटीन विषारी आहे, आणि साठवलेल्या तंबाखूला स्वतःचाच एक भुंगेरा लागतो, जो तिथून धान्य-मसाल्यांकडेही वळतो.

डांबर गोळ्या बंद ट्रंकेतच काम करतात, उघड्या खोलीत नुसता वास. ठेवायच्याच तर कापडात बांधून, गालिच्याला थेट न लावता. टफ्टेडच्या रबरी पाठीजवळ नकोतच. तान्हं बाळ असलेल्या घरात त्या पूर्ण टाळा. काही मुलांमध्ये नॅफ्थालीनच्या वाफेनं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

दर दोन महिन्यांनी, म्हणजे एकदा श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी आणि एकदा घटस्थापनेआधी दसऱ्याची धुणी-धुलाई निघते तेव्हा, गुंडाळी उघडा. पूर्ण नाही तर निदान पहिले तीन वेढे. शोधायचं ते असं: लोकरीच्याच रंगाची रवाळ, वाळूसारखी विष्ठा, पाठीवर किंवा कडेला चिकटलेली जाळीची बारीक नळी, टक्कल पडल्यासारखा लव गेलेला ठिपका. यातलं एक जरी दिसलं तर गालिचा घराबाहेर, दोन्ही बाजू झटकणं, व्हॅक्यूम, ऊन. आवरणाची चादर उकळून धुवा, पुरचुंड्या फेकून द्या. पंधरा दिवसांनी पुन्हा हेच सगळं, कारण पहिल्या वेळी राहिलेली अंडी तोवर फुटलेली असतात. छोटं आसन किंवा लहान घोंगडी असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर बाहेरची ओल लोकरीवर उतरते.

बुरशी दिसली तर घरात झटकू नका. तोंडाला फडकं बांधून गच्चीवर न्या, पूर्ण वाळवा आणि मगच ब्रशनं काढा. ओल्या बुरशीला घासलं की ती आत रुजते. कौलातून पाणी येऊन गुंडाळी भिजली असेल तर उद्यावर टाकू नका. २४ ते ४८ तासांत बुरशी धरते. रात्र असली तरी उलगडा, पंखा लावा, सकाळी ऊन बघा.

मंडळाचा जमखाना

गणपतीत, लग्नात, देवळातल्या भजनाला जो १२ बाय १८ चा जमखाना अंथरला जातो, त्याचं आयुष्य बहुतेक कार्यक्रम संपल्यानंतरच्या अर्ध्या तासात ठरतं. भाद्रपदातला पाऊस, शेकडो ओले पाय, रात्री अकराला मुलांनी चार कोपरे धरून घातलेली घडी आणि थेट खोलीत कुलूप. सुती आहे, कसर लागत नाही, म्हणून घडी चालते असं नाही. ओली घडी आत कुजते. त्या रात्री नुसता मंडपातल्या बाकांवर पसरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाळला की गुंडाळा. एवढ्या मोठ्या जमखान्याला पाइपऐवजी मंडपाचा वासा चालतो, त्याला आधी जुनी चादर गुंडाळायची. वाशाच्या गाठी-खुंट्या आधी घासून घ्या. चार माणसं लागतात: दोघं गुंडाळायला, दोघं पुढून ताण धरायला.

घोंगडी

घोंगडीला घडी चालते, फक्त दर वेळी वेगळ्या रेषेवर घाला. या वेळी तीन घड्या, पुढच्या वेळी चार. तिचे ताणे विणताना चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेले असतात. नवी घोंगडी पोत्यासारखी कडक लागते ती त्या खळीमुळे. म्हणजे तिच्यात लोकरही आहे आणि स्टार्चही, कसर आणि चंदेरी किडा दोघांचीही पंगत. वॉशिंग मशिनमध्ये टाकली तर लोकर आटून नमदा होते आणि पुन्हा पसरत नाही. उन्हात दोन्ही बाजूंनी झटकायची, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळायची आणि लोखंडी ट्रंकेत ठेवायची असेल तर तळाला आणि बाजूंना जुन्या गोधडीचा थर द्यायचा, कारण पावसाळी रात्री पत्र्याला आतून दव धरतं.

दसऱ्याला गालिचा अंथरल्यावर कडा वर उचललेल्या राहतात. दोन दिवस तशाच राहू द्या, त्या वजनानं बसतात. घाईनं त्यावर कपाट ठेवलं तर सुरकुती पक्की होते. चौथ्या दिवशीही बसल्या नाहीत तर ती कड दोन हात लांबीची उलट्या बाजूला सैल गुंडाळून रात्रभर ठेवा. पॉलिप्रॉपिलीनला इस्त्री दाखवू नका, वितळतो. लोकरीच्या गालिच्यात मध्ये आडवी रेघ राहिलीच, तर पाठीवर ओलसर सुती फडकं ठेवून कोमट इस्त्री क्षणभर टेकवा आणि उचला. सरकवू नका. मग तो भाग वाळेपर्यंत त्यावरून कुणाला जाऊ देऊ नका.